इथून दिसतं का?

१२ मार्च २०२३, रविवार. वांद्र्याच्या बँडस्टँडवर रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी येणार होती. चालवणारा डेव्हिड कुल्टहार्ड, आणि गाडी आरबी७, म्हणजे २०११ साली सेबास्टियन व्हेटेल जिच्या जोरावर जगज्जेता झाला ती. मी बाबांना घेऊन वाकोल्याहून निघालो. सांताक्रूझ ते वांद्रे, मध्ये फक्त खार रोड. एवढ्या जवळ फॉर्म्युला वनची गाडी येतेय म्हटल्यावर घरी बसणं मला शक्यच नव्हतं.

पोचलो तर समोर माणसंच माणसं. बॅरिकेडच्या आतले वेगळे, बाहेरचे वेगळे, आणि आम्ही बाहेरच्यांच्याही मागे. मी पाच फूट दहा इंच. टाचा उंचावल्या की मला पुढच्यांचे मोबाईल दिसत होते आणि त्या मोबाईलांच्या स्क्रीनवर अधूनमधून रस्ता. बाबा पाच फूट तीन. शिवाय ३१ वर्षं बेस्टच्या बसचा क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा गेलाय. दहा मिनिटं उभे राहिले आणि मग शांतपणे मागे जाऊन एका इमारतीच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले.

मग तो आवाज आला. टीव्हीवर तो आवाज अर्धासुद्धा पोचत नाही. २.४ लिटरचं व्ही८ इंजिन, मिनिटाला १८ हजार फेरे. माझ्या छातीतून काहीतरी आरपार गेल्यासारखं झालं. लोक ओरडले, हात आणखी वर गेले, मला आणखी कमी दिसायला लागलं. मी मागे वळून पाहिलं तर बाबा डोळे मिटून बसलेले आणि मांडीवर बोटं आपटत होते.

"दोन... तीन... चार. आता सोडला. तीन, दोन. रस्ता संपला वाटतं त्याचा."

कानाने गिअर मोजत होते ते. नंतर मी यूट्यूबवर तो व्हिडिओ बघताना ताडून पाहिलं. एकदाच चुकले होते.

घरी येताना रिक्षात म्हणाले, "मजा आली. पण दिसलं असतं तर बरं झालं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मी नोकरी करतो ती तिकीट विकणाऱ्या सॉफ्टवेअरची. कंपनीचं नाव राहू दे. नाटक, स्टँडअप, क्रिकेट, काहीही असो, तुम्ही मोबाईलवर जो खुर्च्यांचा नकाशा उघडता, हिरवी खुर्ची दाबता, ती करडी होते, त्याच्या मागचं काही कोड माझं आहे. कोणती खुर्ची कुठे, तिथून किती दिसतं, कुठे खांब आडवा येतो, हे सगळं माझ्या टेबलांमध्ये भरलेलं असतं. आणि मला माझ्या बापासाठी एक जागा शोधता आली नव्हती.

दुसरं कारण जुनं आहे.

२०११ ला मी चौदा वर्षांचा होतो. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री होणार होती. बाबांना फॉर्म्युला वनची गोडी माझ्यामुळे लागली की मला त्यांच्यामुळे, हे आता सांगता येणार नाही. रविवारी ड्युटी नसली की आम्ही दोघं टीव्हीसमोर. त्यांना शर्यतीपेक्षा पिट स्टॉप आवडायचा. चार चाकं एवढ्या वेळात बदलतात हे बघून दर वेळी "आमच्या आगारात पान लावायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो" हा विनोद व्हायचा आणि दर वेळी आम्ही हसायचो.

तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. अडीच हजाराचं दोघांचं पाच हजार, वर दिल्लीपर्यंतची गाडी, तिथून नोएडा, राहणं. बाबांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी माझी दहावी. "दहावीनंतर." २०१३ ला अकरावीचे क्लास आणि त्यांची फी. "बारावी होऊ दे, मग बिनधास्त जाऊ." २०१३ च्या शर्यतीत व्हेटेलने चौथं जगज्जेतेपद पक्कं केलं आणि मुख्य ग्रँडस्टँडसमोर गाडी गोल गोल फिरवून धुराचे ढग उडवले. बाबा म्हणाले, "हे बघायला तिकडेच बसायला पाहिजे." तिकडे म्हणजे सगळ्यात महागड्या तिकिटात. ती भारतातली शेवटची ग्रां प्री ठरली. २०१४ ला झालीच नाही, त्यानंतरही नाही.

का झाली नाही, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना वाचत गेलो तेव्हा कळलं की शर्यत मुळात एका प्रश्नात अडकली होती: हा खेळ आहे की करमणूक? हा काही चहाच्या टपरीवरचा वाद नाही, यावर पैसे ठरतात. २००९ मध्येच केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने हा धड खेळ नाही, करमणूक आहे, असं म्हणून हात वर केले होते. सर्किट जेपी समूहाने स्वतःच्या पैशांनी बांधलं. पण जमीन यमुना एक्स्प्रेस-वे प्राधिकरणाकडून मिळालेली, आणि उत्तर प्रदेश सरकारने करमणूक कर माफ केला. त्याविरुद्ध कोणीतरी सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शर्यतीला आठवडा उरला असताना न्यायालयाने सांगितलं की तिकीटविक्रीचा २५ टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवा. पुढे २०१७ मध्ये याच न्यायालयाने ठरवलं की शर्यत तीन दिवसांची असली तरी ते सर्किट म्हणजे फॉर्म्युला वन कंपनीचं भारतातलं कायमचं दुकान आहे, तेव्हा इथे कर भरा. तोवर दुकानाला टाळं लागून चार वर्षं झाली होती.

प्रेक्षकांचे आकडे बघा. पहिल्या वर्षी सुमारे ९५ हजार, दुसऱ्या वर्षी ६५ हजार, तिसऱ्या वर्षी ६० हजार. खुर्च्या लाखाच्या वर. याचा अर्थ २०१३ च्या त्या रविवारी हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या आणि वाकोल्यात आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. माझ्या धंद्याच्या भाषेत याला न विकलेला माल म्हणतात. विमानाच्या रिकाम्या सीटसारखा तो शर्यत सुरू झाली की शून्य किमतीचा होतो. तरीही तो कोणी फुकट वाटत नाही, कारण मग पुढच्या वर्षी अडीच हजार कोण देईल?

सप्टेंबर २०२३ मध्ये मी शेवटी त्या सर्किटवर गेलो, मोटोजीपी भारतसाठी. ऑफिसातल्या मित्राबरोबर. बाबा आले नाहीत, "मोटारसायकलीत मला काय" म्हणाले. ऊन इतकं की मुख्य शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ केल्या, आणि तरी होर्हे मार्टिन गाडीवरून उतरल्यावर कोसळला. मार्को बेझेकी जिंकला. माझी खुर्ची उघड्या स्टँडमध्ये होती. तिथून एक वळण आणि त्याच्या आधीचा सरळ तुकडा दिसत होता, बाकी मोठ्या पडद्यावर. पाच किलोमीटरच्या ट्रॅकवर कुठेही बसा, तुम्हाला तुमच्या वाट्याचा तुकडाच दिसतो. मोटार शर्यत क्रिकेटसारखी नाही, की स्वस्तातल्या खुर्चीतूनही अख्खा सामना दिसेल. इथे प्रत्येक खुर्ची म्हणजे एक वेगळी शर्यत आहे.

खरं सांगायचं तर शर्यत बघायची सगळ्यात उत्तम व्यवस्था मी आमच्या गावाकडे पाहिली आहे. आम्ही मूळचे आंबेगाव तालुक्यातले. बैलगाड्याचा घाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: चढावर आखलेली धाव, खालून बैल सुटतात, सेकंदांवर निकाल, आणि दोन्ही बाजूंच्या उतारावर माणसं. उतार असल्यामुळे पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला दिसतं. तिकीट नाही. उशिरा आलेला झाडावर चढतो. फॉर्म्युला वनच्या जुन्या सर्किटांवर, सिल्व्हरस्टोनला वगैरे, गवताचे बांध असतात आणि स्वस्तातलं तिकीट काढणारे तिथे चटई टाकून बसतात. तो आमचा घाटच. फरक एवढाच की आमच्याकडे गावजत्रेची वर्गणी असते, आणि आता मोठ्या घाटांवर पुढाऱ्यांनी ठेवलेली ट्रॅक्टर-जेसीबीची बक्षिसं. २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. त्या दिवशी बाबांनी पेढे आणले होते. बैलांचं काय, हा माझा प्रश्न त्यांनी पेढ्याबरोबर गिळायला लावला. तो वाद आमच्यात अजून संपलेला नाही, पण आज तो विषय नाही.

तर सरकारी पैसा.

मी मनाने कायम विरोधी पक्षात होतो. मला शर्यत हवी, पण सरकारच्या खिशातून नको. उदाहरणं हाताशी आहेत. हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ ला फॉर्म्युला ई झाली, हुसेनसागरच्या काठाने, जाँ-एरिक व्हर्न जिंकला. सुंदर झाली. त्याच वर्षी सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्द. मग आयोजकांकडे गेलेल्या सुमारे ५५ कोटींवरून डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने माजी मंत्र्यावर गुन्हा नोंदवला. चेन्नईत आयलँड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरचा रस्ता शर्यतीसाठी तयार केला. डिसेंबर २०२३ ची तारीख मिचाँग वादळात वाहून गेली. त्याआधीच लोक न्यायालयात गेले होते, की रुग्णालय आणि सरकारी कचेऱ्यांच्या मधून शर्यत कशाला आणि जनतेचा पैसा कशाला. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शर्यतीला हरकत घेतली नाही, पण सरकारने खर्च केलेले ४२ कोटी आयोजकांकडून घ्या असं सांगितलं. ती अट पुढे सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. शर्यत ऑगस्टच्या शेवटी झाली, रात्री, दिव्यांखाली. मी मोबाईलवर पाहिली आणि मला ती प्रचंड आवडली, हेही सांगून टाकतो.

ऑस्ट्रेलियात तर हे १९९६ पासून चाललंय. मेलबर्नचं अल्बर्ट पार्क ही सार्वजनिक बाग आहे. दर वर्षी तिथे तात्पुरते स्टँड उभे राहतात, शर्यत होते, स्टँड निघतात. तोटा व्हिक्टोरिया राज्याचं सरकार भरतं, अलीकडे तो १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेलाय. बाग वाचवा म्हणणारे लोक पहिल्यापासून आंदोलन करतायत, आणि तरी चार दिवसांत चार लाखांवर माणसं येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

९ मे २०२५ ला बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. त्या रात्री जेवताना मी हा विषय काढला. आई म्हणाली, "वाकोला ते स्टेशन आता दहा रुपये. शेअर रिक्षा काय वाईट?" मी लगेच मोबाईलवर हिशेब केला. बारा मीटरची एक ई-बस दीड कोटीला धरली तर ५५ कोटींत ३६ बस येतात. एका संध्याकाळच्या शर्यतीत ३६ बस. मला वाटलं, बाबा माझ्या बाजूने असतील. आयुष्य बसमध्ये गेलंय.

बाबा वरणात भात कालवत म्हणाले, "त्या पैशांच्या ३६ बस कधी येणार नव्हत्या. शर्यत नसती झाली तर पैसे दुसरीकडे गेले असते."

"म्हणजे चालेल तुम्हाला?"

"का नाही चालणार? नाटकाला अनुदान देतात. सिनेमाला देतात. कुस्तीला देतात. गाडी चालवणं हीसुद्धा कला आहे. त्याला दिले तर काय बिघडलं?"

"बाबा, तिथे श्रीमंतांची पोरं गाड्या चालवतात."

"मग? आपला जेहान दारूवाला मुंबईचाच ना? त्याने शर्यत जिंकली तेव्हा तूच नाचत होतास."

नाचलो होतो. डिसेंबर २०२०, साखीर, फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. लॉकडाऊननंतरचे दिवस, घरून काम, आणि मी पलंगावर उभा राहून ओरडत होतो.

मग ते म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच, की माझे पैसे घेतले तर मला दिसलं पाहिजे. बँडस्टँडसारखं नको."

बँडस्टँडला सरकारचा पैसा नव्हता, ती कंपनीची जाहिरात होती, वगैरे मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. कारण मला दुसरंच काहीतरी आठवलं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खुर्चीच्या चार अवस्था असतात. उपलब्ध, धरून ठेवलेली, विकलेली, आणि अडवलेली. अडवलेली म्हणजे आयोजकाने विक्रीतून काढून घेतलेली: पाहुणे, प्रायोजक, अधिकारी, पोलीस, कोणाचे तरी भाचे. नकाशावर ती विकलेल्या खुर्चीसारखीच करडी दिसते. हा निर्णय आमच्या एका मीटिंगमध्ये झाला होता. डिझायनरने विचारलं, अडवलेल्याला वेगळा रंग देऊ का? आयोजकांना ते आवडणार नाही, असं उत्तर आलं. मी त्या मीटिंगमध्ये होतो. काही बोललो नाही. मला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. दोन ओळींचा बदल होता, मी दुपारी जेवायच्या आधी करून टाकला. किती खुर्च्या अडवता येतात यालाही कोडमध्ये मर्यादा ठेवली नव्हती. कोणी मागितलीच नव्हती.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी विचार करत बसलो, की सरकारी पैशांच्या शर्यतीसाठी हे कोड मी कसं लिहिलं असतं. अडवलेल्या खुर्चीला स्वतःचा रंग. नकाशाच्या खाली एक आकडा, एकूण किती आणि अडवलेल्या किती. आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या खुर्च्या कुठे आहेत, तिथून ट्रॅकचा किती भाग दिसतो, हे तिकीट काढायच्या आधी. हे सगळं तांत्रिकदृष्ट्या इतकं सोपं आहे की लाज वाटावी. ५५ कोटी की ४२ कोटी यावर न्यायालयात वर्षं जातात, आणि त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या खुर्च्यांवर कोण बसलं हे कोणी विचारतच नाही. सोमवारी मी टीममध्ये वेगळ्या रंगाचा विषय काढला. "चांगला विचार आहे, बॅकलॉगमध्ये टाक," असं उत्तर मिळालं. सॉफ्टवेअरवाल्यांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी: सरकारी कचेरीत अर्ज आवक-जावक वहीत नोंदला जातो, तसं.

जुहूची धावपट्टी आमच्या सांताक्रूझला अगदी चिकटून आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले, हे शाळेत शिकवतात. त्याच धावपट्टीवर पूर्वी मोटारींच्या शर्यतीही व्हायच्या, हे शिकवत नाहीत. मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर, तशी मुंबईत जुहू. महायुद्धानंतर पडून असलेल्या धावपट्ट्या हीच आपली पहिली सर्किटं. म्हणजे सरकारची जागा शर्यतीला वापरणं ही काही नवी गोष्ट नाही. बाबांच्या आगारातले एक जुने मेकॅनिक त्या शर्यतींबद्दल सांगायचे. ते कुठून बघायचे, हे विचारायचं राहून गेलं.

२०२५ मध्ये बातमी आली की नवी मुंबईत, पाम बीच रस्त्याच्या बाजूला, स्ट्रीट रेस भरवायचा करार झालाय. मी बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून मोबाईलवर दोन बोटांनी नेरूळ मोठं केलं, छोटं केलं, आणि म्हणाले, "रविवारी जाऊन बघून येऊ."

"अजून काही उभं केलेलं नाही तिथे."

"रस्ता तर आहे ना?"

हार्बरने वडाळ्याला गेलो, तिथे गाडी बदलली, नेरूळला उतरलो, तिथून रिक्षा. दुपारचे चार. पाम बीचवर गाड्या सुसाट, फुटपाथवर फिरायला आलेली माणसं, कणीसवाला. बाबा गुडघा सांभाळत हळूहळू चालत होते आणि रस्त्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी मी त्यांची फक्त लहानपणी पाहिली होती, केबिनच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून. रस्त्याचा उतार कुठे आहे, पाणी कुठे साचेल, वळणाला किती जागा आहे. एका वळणापाशी थांबले.

"इथे ब्रेक मारणार. तिसरा, नाही, दुसरा. मग इकडून बाहेर पडताना पूर्ण दाबणार." पायाने त्यांनी तेवढं करूनही दाखवलं. मग मागे सरकत सरकत फुटपाथच्या कडेला एका झाडाखाली गेले. तिथे थोडा उंचवटा होता. त्यावर चढले, माझा खांदा धरून, आणि दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं.

"इथून दिसतं. ते येताना पण दिसतं आणि जाताना पण."

"इथे पत्रे लावतील, बाबा. कुंपण घालून हिरवं कापड."

"किती उंच?"

मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, उंचवट्याकडे पाहिलं.

"मग इथे स्टँड करायला सांग त्यांना," ते म्हणाले आणि कणीसवाल्याला हाक मारली.